पिस्तूल अडकतं तेव्हा: नव्या आर्मररसाठी दोष शोधण्याचा क्रम

'अडकतंय' अशी तक्रार घेऊन पिस्तूल शस्त्रागारात येतं, तेव्हा ते बहुधा अडकलेलं नसतंच. अंमलदाराने मैदानावरच मॅगझिनला खालून थाप दिलेली असते, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ओढून राउंड, म्हणजे आतलं काडतूस, उडवलेला असतो आणि पुन्हा नेम धरलेला असतो. त्याला तसंच शिकवलंय आणि ते योग्यच आहे. समोरून गोळी येत असताना रिकामी पुंगळी कुठे अडकली हे न्याहाळत बसता येत नाही. मात्र त्याचा जीव वाचवणारी ती दोन सेकंदांची हालचाल आपल्याला हवा असलेला जवळजवळ सगळा पुरावा पुसून टाकते.

उरलेला पुरावा बऱ्याचदा आर्मरर, म्हणजे शस्त्रागारात शस्त्रं दुरुस्त करणारा माणूसच पुसतो. पिस्तूल हाती आलं की खोलायचं, घासून पुसून तेल घालायचं, दोन-चार डमी राउंड फिरवायचे आणि 'ठीक आहे' असं लिहून परत द्यायचं. साफसफाईने दोष काही दिवस दबतो, कारण कळत नाही, आणि महिन्याभरात तेच पिस्तूल पुन्हा टेबलावर येतं. म्हणून आधी बघायचं, मग हात लावायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शोधाचा क्रमही ठरलेला असावा: राउंड, मॅगझिन, झाडणाऱ्याचा हात, तेल, जोडलेली साधनं, स्प्रिंग, आणि सगळ्यांत शेवटी पिस्तुलाचे भाग. नवा माणूस नेमका उलट्या टोकाने सुरू करतो, कारण भाग बदलला की काम केल्यासारखं वाटतं.

आधी पिस्तूल रिकामं करा

मॅगझिन आधी बाहेर, स्लाइड नंतर मागे. क्रम उलटला, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधला पुढचा राउंड चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसायच्या जागेत) जातो आणि पिस्तूल रिकामं झाल्याचा नुसता भ्रम होतो. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये आधी डोळ्यांनी बघा, मग बोट घालून चाचपा. मॅगझिनची पोकळीही तशीच तपासा. हे सगळं नळी गोळी झेलणाऱ्या पेटीकडे ठेवून करायचं. जिवंत राउंड दुरुस्तीच्या खोलीत थांबत नाहीत. तपासायचा राउंडसुद्धा वेगळ्या टेबलावर, डबीत.

स्लाइड ओढताना बाहेर येणारा राउंड तळहातात झेलायची सवय अनेकांना असते. ती मोडा. हाताने पुंगळी बाहेर पडायची खिडकी झाकली गेली की राउंड तिरका होऊन आतच राहू शकतो, त्याचा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) इजेक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या, टोकावर आपटू शकतो आणि राउंड हातातच फुटू शकतो. राउंड जमिनीवर पडू द्या.

चेंबरमध्ये जिवंत राउंड घट्ट बसलाय आणि स्लाइड हलत नाहीये, अशा अवस्थेतही पिस्तूल येतं. हातोडी नको, नळीतून सळई घालून ठोकणं तर नकोच. नळी सुरक्षित दिशेला ठेवून वरिष्ठ आर्मररला बोलवा.

तक्रार नीट ऐकून घ्या

'अडकतंय' या शब्दातून काहीच कळत नाही. प्रश्न विचारावे लागतात. कितव्या राउंडला अडकलं, पहिल्या, मधल्या की शेवटच्या? नुसती क्लिक झाली की चाप दाबूनही काहीच झालं नाही? पुंगळी खिडकीत उभी होती की आतच राहिली? कोणतं मॅगझिन होतं? पिस्तुलाला दिवा लावलेला होता का? हातमोजे होते का? दोन्ही हातांनी धरलं होतं की एका? शेवटची सफाई कधी झाली आणि कोणतं तेल वापरलं?

शेवटचा प्रश्न जरा आडवळणाने विचारावा. 'तुम्ही साफ करता का?' असं विचारलं तर उत्तर नेहमी 'हो' असतं. 'तेलाची बाटली दाखवा' म्हटलं की खरं कळतं.

मैदानावरच्या प्रशिक्षकाशीही एक गोष्ट ठरवून घ्या. नेहमीच्या सरावात अंमलदाराने अडथळा लगेच दूर करायचा, त्यात बदल नाही (आवाजाचे दोन अपवाद पुढे आहेत). पण एकच पिस्तूल वारंवार अडकत असेल, तर त्याची वेगळी फेरी घ्यायची. त्या फेरीत पिस्तूल अडकताच बोट चापावरून बाहेर, नळी लक्ष्याकडे, हालचाल बंद. प्रशिक्षक बाजूने फोटो काढतो आणि मगच पिस्तूल मोकळं होतं. उडालेला राउंड आणि पुंगळी पाकिटात घालून पिस्तुलासोबत येतात. असा एक फोटो तासाभराच्या तर्कांपेक्षा कामाचा असतो.

आवाजाची एक गोष्ट मात्र प्रत्येकाला माहीत असलीच पाहिजे. नेहमीच्या धमाक्याऐवजी फुसका 'पुक्' असा आवाज आला आणि धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिथे थाप देऊन स्लाइड ओढायची नाही. मागून दुसरी गोळी गेली तर नळी फुगते किंवा फाटते. याउलट क्लिक झाली आणि गोळी सुटलीच नाही, तर सरावाच्या वेळी नळी लक्ष्याकडेच धरून तीसेक सेकंद थांबायचं. प्रायमर कधीकधी उशिरा पेटतो.

राउंड आणि पुंगळी काय सांगतात

न सुटलेला राउंड हातात घेऊन आधी प्रायमर बघा. त्यावर खूणच नसेल, तर प्रायमरवर आपटणारी फायरिंग पिन तिथवर पोचलीच नाही. पिन मोडलीय किंवा खालून राउंड चेंबरमध्ये आलाच नव्हता आणि थाप दिल्यावर हा पहिल्यांदा आला. दुसरी शक्यता फार जास्त वेळा खरी निघते, कारण मॅगझिन खटका लागेपर्यंत वर बसवलेलं नसतं. खूण आहे पण उथळ आहे, तर पिनच्या मार्गात तेल आणि काजळी साचलीय, स्प्रिंग थकलीय किंवा स्लाइड केसभर मागे राहिलीय. खूण खोल, स्वच्छ, मधोमध आहे आणि तरी राउंड सुटला नाही, तर पिस्तुलाने आपलं काम केलंय. त्या राउंडचा बॅच क्रमांक टिपून घ्या.

पुंगळी आतच राहिली असेल तर तिची कड भिंगाखाली धरा. कडेवर ओरखडा किंवा फाटल्याची खूण असेल, तर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाच्या) आकड्याने ती पकडली होती, ओढलीही होती, पण चेंबरने सोडली नाही. म्हणजे चेंबर खराब, खडबडीत किंवा गंजलेलं. कड अगदी स्वच्छ असेल, तर आकड्याने नीट पकडलंच नाही. आकड्याचं टोक तुटलंय का, त्याच्या खाली पितळेचा चुरा साचलाय का, हे बघा. एकाच तक्रारीचे हे दोन वेगळे दोष आहेत आणि ते वेगळे करायला फक्त पुंगळी लागते. म्हणून ती फेकू नये.

खिडकीत उभी अडकलेली पुंगळी हा सगळ्यांत जास्त दिसणारा अडथळा आहे आणि सगळ्यांत जास्त चुकीचं निदान होणाराही. स्लाइड पूर्ण वेगाने मागे गेली नाही, एवढंच ती सांगते. ढिलं मनगट, कमी ताकदीचा राउंड, कोरडी स्लाइड, मोडका इजेक्टर यांपैकी काहीही कारण असू शकतं.

मॅगझिनवर पहिला संशय

मी संशयितांची यादी करतो तेव्हा मॅगझिन कायम वरच असतं. दाबलं जाणारं, सोडलं जाणारं, काँक्रीटवर आपटणारं आणि तरी कोणी न तपासणारं असं पिस्तुलाचं हेच एक अंग. वरच्या दोन ओठांपैकी एक किंचित जरी वाकला, तरी राउंडचं नाक वर किंवा खाली झुकतं आणि तो नळीच्या उतारावर धडकतो.

प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक कोरलेला किंवा रंगवलेला हवा. क्रमांक नसेल तर 'एक मॅगझिन अडकतं' या माहितीचा काहीच उपयोग होत नाही. सरावाची मॅगझिन वेगळी आणि कर्तव्यावरची वेगळी ठेवा, कारण पटकन बदलण्याच्या सरावात ती जमिनीवर पडतातच.

खोलून बघताना तीन गोष्टी तपासा. स्प्रिंग उलटी बसलीय का? सफाईनंतर हे सर्रास होतं आणि लक्षण असं की पहिले राउंड नीट वर येतात, शेवटचे तिरके. राउंड उचलणारी पट्टी सरळ आहे का, तिचा काठ झिजलाय का? आत तेल आहे का? मॅगझिनच्या आत तेल नको. ते धूळ धरून ठेवतं आणि राउंडवरही पसरतं. पुसून कोरडं करा, बस्स.

भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग मरते, असं तुम्हाला अनेक जण सांगतील. चांगल्या स्प्रिंगला नुसतं दाबून ठेवल्याने फारसं काही होत नाही. वारंवार भरण्या-रिकामं करण्याने ती थकते. त्यामुळे सरावाची मॅगझिन आधी जातात, कमरेवरची नंतर.

आता अदलाबदल. संशयित पिस्तुलात खात्रीचं मॅगझिन घाला. मग संशयित मॅगझिन खात्रीच्या पिस्तुलात घाला. मग तेच पिस्तूल आणि तेच मॅगझिन दुसऱ्या नेमबाजाच्या हातात द्या. दोष कोणासोबत चालत गेला ते बघा. यासाठी दोन-तीन निर्दोष मॅगझिन फक्त चाचणीसाठी शस्त्रागारात कुलपात ठेवावीत आणि ती कोणालाही, कितीही घाई असली तरी, उसनी देऊ नयेत.

खराब ठरलेलं मॅगझिन चिमट्यात धरून चेपून टाका. 'सरावाला चालेल' म्हणून खणात ठेवलेलं मॅगझिन कधी ना कधी कोणाच्या तरी कमरेवर जातं.

राउंडचीही परीक्षा

कर्तव्य संपलं की पिस्तूल रिकामं करायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच राउंड पुन्हा चेंबरमध्ये घालायचा, असा बहुतेकांचा रोजचा परिपाठ. प्रत्येक वेळी राउंडचं नाक नळीच्या उतारावर आपटतं आणि गोळी हळूहळू पुंगळीत आत ढकलली जाते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि लहान जागेत तो धोकादायक पातळीला जाऊ शकतो. ९ × १९ राउंडची कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर, पण कारखान्याचे राउंड बहुधा त्याहून थोडे आखूडच असतात. म्हणून त्या आकड्याशी तुलना करू नका. त्याच बॅचचा न वापरलेला राउंड शेजारी उभा करा आणि कॅलिपरने दोन्ही मोजा. डोळ्यांना फरक दिसत असेल तर तो राउंड बाद. वरचा राउंड रोज तोच येणार नाही अशी फेरपालट अंमलदारांना शिकवा.

चेंबरमध्ये राउंड बसतो का, हे बघायची सोपी रीत आहे. नळी पिस्तुलातून काढा, हातात उभी धरा आणि राउंड अलगद सोडा. तो टण् आवाज करून बसला पाहिजे, बोटाने फिरला पाहिजे आणि नळी उलटी केली की आपोआप पडला पाहिजे. ही चाचणी नळी बाहेर काढूनच करायची, जोडलेल्या पिस्तुलात नाही.

हिरवट डाग पडलेले, चेपलेले, तेलाने माखलेले राउंड वेगळे काढा. आत झिरपणारं तेल प्रायमर निकामी करू शकतं.

हाताबद्दल बोलताना

माणसाला दोष देणं सोपं असतं आणि म्हणूनच ते टाळावं. पण हातामुळे अडथळे येतात हेही खरं. स्लाइड मागे जाताना तिला टेकायला पिस्तुलाची चौकट स्थिर लागते. मनगट ढिलं असेल तर चौकटही मागे सरकते आणि स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो. हलक्या पॉलिमर पिस्तुलांत हे जास्त जाणवतं. जखमी हाताने किंवा एका हाताने झाडताना मनगट ढिलं पडणारच, त्यामुळे अंमलदाराची पकड कमजोर आहे एवढं लिहून विषय संपत नाही. पकड जेमतेम असली तरी चांगलं पिस्तूल बहुतेक वेळा चालायला हवं.

शेवटचा राउंड सुटल्यावर स्लाइड मागे थांबत नसेल, तर आधी अंगठा बघा. तो स्लाइडच्या खटक्यावर टेकलेला असतो आणि खटका वर येऊ शकत नाही. उलट, राउंड शिल्लक असताना स्लाइड मागे अडकत असेल तर अंगठा खालून खटका वर ढकलतोय. दुसऱ्या माणसाच्या हातात दोन्ही तक्रारी नाहीशा झाल्या तर पिस्तूल खोलायची गरज नाही, प्रशिक्षकाकडे पाठवा.

तेल, दिवा आणि स्क्रू

तेल स्लाइडच्या रुळांवर, नळीच्या बाहेर जिथे चकाकलेली घासणीची खूण दिसते तिथे, आणि उत्पादकाने सांगितलेल्या एक-दोन ठिकाणी थेंबभर. फायरिंग पिनच्या मार्गात नको, चेंबरमध्ये नको, मॅगझिनमध्ये नको. जास्त तेल कमी तेलापेक्षा वाईट असं म्हणणार नाही, पण पिनच्या मार्गात गेलेलं तेल काजळीशी मिळून चिकट लगदा करतं, थंडीत तो घट्ट होतो आणि उथळ खुणांची तक्रार येते. फवाऱ्याच्या डब्यांवर शस्त्रागारात बंदी असावी, असं माझं मत आहे.

दिव्यासकट पिस्तूल अडकतं आणि दिवा काढला की चालतं, असं झालं तर ती कल्पना नव्हे. पुढे वजन वाढल्याने चौकटीची लवचीकता आणि स्लाइडचा वेग बदलतो, मॅगझिनच्या स्प्रिंगला राउंड वर आणायला मिळणारा वेळ बदलतो. थकलेली स्प्रिंग अशा वेळी उघडी पडते. म्हणून ज्या साधनांसह पिस्तूल कमरेवर जातं, त्याच साधनांसह ते तपासायचं.

रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट, म्हणजे नेम धरायचं साधन) बसवल्यानंतर पुंगळ्या नीट निघेनाशा झाल्या, ही तक्रार नवीन पिढीची. स्लाइडवर बसवलेल्या साइटचा स्क्रू लांब असेल तर काही पिस्तुलांत तो एक्स्ट्रॅक्टरच्या स्प्रिंगच्या पोकळीत उतरतो आणि आकडा आखडतो. एक्स्ट्रॅक्टर बदलण्याआधी स्क्रूची लांबी मोजा. साइट ढिली होत असेल तर स्क्रू उत्पादकाने दिलेल्या ताणावर, टॉर्क पान्याने आवळा आणि त्याच्या डोक्यावर रंगाची रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरलाय हे दुरूनही दिसतं.

स्प्रिंग आणि मग भाग

इथवर काहीच सापडलं नाही, तर रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग. ग्लॉकसारख्या पिस्तुलासाठी चाचणी सोपी आहे. पुन्हा एकदा रिकामं असल्याची खात्री करा, सुरक्षित दिशेला चाप ओढून दाबून धरा, नळी ४५ अंश वर करा, स्लाइड पूर्ण मागे ओढा आणि हाताने हळूहळू पुढे सोडा. ती स्वतःच्या बळावर पूर्ण बंद झाली पाहिजे. थोडी मागे राहिली तर स्प्रिंग बदला. स्प्रिंग केव्हा बदलायची ते उत्पादक राउंडच्या संख्येत सांगतो, म्हणून प्रत्येक पिस्तुलाचे झाडलेले राउंड नोंदवहीत हवेत. अंदाजाने भागत नाही.

मोडलेला भाग बदलायचा, घासायचा नाही. नळीच्या उतारावर सँडपेपर, एक्स्ट्रॅक्टरला कानस, ट्रिगर मऊ करण्यासाठी पॉलिश, हे कर्तव्याच्या पिस्तुलावर होता कामा नये. घासलेला धातू परत येत नाही, आणि सुरक्षा खटक्यांजवळ केसाएवढा फरक पुरतो. भाग उत्पादकाचेच आणि काम त्याच पिस्तुलाचा आर्मरर अभ्यासक्रम केलेल्याचंच.

उत्पादकांची तांत्रिक पत्रकं वाचायची सवय लावा. २०११ मध्ये ग्लॉकने चौथ्या पिढीच्या पिस्तुलांच्या रिकॉइल स्प्रिंग बदलून देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. ऑगस्ट २०१७ मध्ये सिग सावरने पी३२० साठी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली, कारण काही कोनांतून पडल्यास त्यातून गोळी सुटू शकते असं चाचण्यांत दिसलं होतं. अशा वेळी तुमच्या टेबलावरचं पिस्तूल त्या यादीत आहे का, हे अनुक्रमांकावरून कळतं, नुसत्या बघण्याने नाही.

जिथे हात लावायचा नाही

प्रत्यक्ष घटनेत गोळी झाडलेलं पिस्तूल हे पुरावा असतं. ते साफ करायचं नाही, खोलायचं नाही, चाप ओढून बघायचा नाही. सुरक्षित करावं लागलं तर ते तपास अधिकाऱ्याच्या समक्ष, प्रत्येक कृती लिहून आणि फोटो काढून. मॅगझिनमध्ये किती राउंड उरले, चेंबरमध्ये काय होतं, ही माहिती नंतर न्यायवैद्यक प्रयोगशाळेला लागते.

'चाप न ओढता सुटलं' अशी तक्रार आली, तरी हाच नियम. होल्स्टर, जॅकेटची दोरी, शर्टाचं टोक अशी कारणं सापडू शकतात, त्यामुळे होल्स्टर आणि अंमलदाराचा त्या दिवशीचा पोशाखही पिस्तुलासोबत ताब्यात हवा. पण तो निष्कर्ष तुम्ही काढायचा नाही. तडा गेलेली स्लाइड किंवा चौकट, फुगलेली नळी, मोजमापाबाहेर गेलेलं चेंबर, हे सगळं वरच्या कार्यशाळेत किंवा उत्पादकाकडे.

परत देण्याआधी

जोडणी झाली की रिकाम्या पिस्तुलावर क्रमाने तपासा: चापाची सुरक्षा, फायरिंग पिनची सुरक्षा, चाप परत पुढे येतो का, स्लाइडचा खटका, असल्यास डीकॉकर (ताणलेला घोडा गोळी न झाडता खाली आणणारा खटका). चापाचा ताण मापकाने मोजा. बऱ्याच स्ट्रायकर पिस्तुलांत (ज्यांत बाहेरचा घोडा नसतो) तो साधारण २.५ किलो असतो, पण तुमच्या मॉडेलचा आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्या. अचानक हलका झालेला चाप ही चांगली बातमी नसते.

मग मैदान. आधी सरावाचे राउंड, नंतर कर्तव्यावरचे. उजव्या हाताने, डाव्या हाताने, दिवा लावून आणि अंमलदाराच्या स्वतःच्या मॅगझिनमधून. सरावाच्या राउंडवर चाललेलं पिस्तूल कर्तव्याच्या पोकळ टोकाच्या गोळीवर अडकू शकतं, कारण तिच्या नाकाचा आकार वेगळा असतो.

दोष सापडला नाही तर नोंदवहीत 'दोष नाही' असं लिहू नका. 'दोष पुन्हा दिसला नाही' असं लिहा आणि पुढे कोणते राउंड, कोणती मॅगझिन, कोण नेमबाज, हेही लिहा. या नोंदी आठवड्यातून एकदा एकत्र वाचाव्या लागतात. एकाच आठवड्यात वेगवेगळ्या पिस्तुलांवर उथळ खुणांची तक्रार आली असेल, तर पिस्तुलं सोडा. नवीन आलेला राउंडचा बॅच किंवा नुकतंच वाटलेलं तेल तपासा. आणि एकच पिस्तूल कारण न सापडता तिसऱ्यांदा आलं, तर ते कर्तव्यावरून काढा, त्यावर लाल चिठ्ठी लावा आणि अंमलदाराला दुसरं द्या.